जुना सीआरटी मॉनिटर नव्या डेस्कटॉपला जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये अजूनही बऱ्याच घरांच्या माळ्यावर, बंद पडलेल्या सायबर कॅफेंच्या मागच्या खोल्यांत आणि एमएस-सीआयटीच्या जुन्या क्लासच्या अडगळीत काचेच्या नळीचे जड मॉनिटर, म्हणजेच सीआरटी, पडून आहेत. त्यातले कितीतरी धडधाकट आहेत. भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढण्याआधी एकदा तरी ते नव्या संगणकाला लावून बघावेत, असं मला मनापासून वाटतं. म्हणून लोक नेहमी विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

सगळ्या उत्तरांच्या मुळाशी दोनच गोष्टी आहेत. तुमच्या संगणकातून ॲनालॉग, म्हणजे एचडीएमआयसारखा डिजिटल नसलेला, सिग्नल निघतो का, ही पहिली. निघालेला सिग्नल त्या मॉनिटरला झेपतो का, ही दुसरी. लोक पहिलीवर पैसे खर्च करतात आणि दुसरी विचारतच नाहीत. अडचणी मात्र बहुतेक दुसरीतून येतात.

इतका खटाटोप कशासाठी? नवा एलईडी मॉनिटर घेतला तर काय बिघडलं?

रोजच्या कामासाठी नवाच घ्या, ते सोयीचं आहे. पण जुने गेम ज्या पडद्यासाठी बनले, त्या पडद्यावर ते वेगळे दिसतात. सीआरटीला ठरावीक पिक्सेलची जाळी नसते, त्यामुळे ६४० × ४८० चं चित्रही त्यावर नेटकं दिसतं. तेच चित्र नव्या पॅनलवर ताणलं गेलं की फुटतं. हलणारी वस्तू सीआरटीवर धूसर होत नाही, काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि माउस हलवला की बाण जागच्या जागी साथ देतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मुद्दाम पटवून द्यावं लागत नाही.

माझ्याकडचा मॉनिटर नेमका कोणत्या प्रकारचा आहे, हे कसं ओळखायचं?

केबलचं टोक बघा. तीन ओळींत पंधरा पिना असतील तर तो व्हीजीए. आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ संगणकांबरोबर हा प्रकार आणला आणि भारतातल्या घराघरांत आलेले जवळजवळ सगळे रंगीत मॉनिटर याच जातीचे आहेत. बऱ्याचदा मधल्या ओळीतली एक पिन मुळातच नसते. ती तुटलेली नाही, घाबरू नका. वाकलेली पिन मात्र चिमट्याने हळूच सरळ करून घ्या. पहिली, दुसरी आणि तिसरी पिन अनुक्रमे लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचा सिग्नल नेते. यातली एक जरी वाकली तरी सगळा पडदा पिवळा, जांभळा किंवा निळसर दिसतो आणि माणसाला वाटतं नळीच गेली.

दोन ओळींत नऊ पिना असतील तर तो बहुधा व्हीजीएच्या आधीचा, म्हणजे सीजीए, ईजीए किंवा हर्क्युलिस जातीचा आहे. त्याचा सिग्नलच वेगळा. सीजीएची आडवी फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती ओळी काढल्या जातात तो आकडा, साधारण १५.७ किलोहर्ट्झ, हर्क्युलिसची १८.४, तर व्हीजीएची सुरुवातच ३१.५ पासून होते. नऊ पिनांना पंधरा पिनांचं टोक लावून देणारा अडॅप्टर मिळाला तरी तो यांना लावू नका. चित्र येणार नाहीच, वर असे ठरावीक फ्रिक्वेन्सीचे मॉनिटर चुकीच्या सिग्नलने खरोखर जळू शकतात.

मागे पाच गोल बीएनसी जोड दिसले तर तुम्ही नशीबवान आहात. तो ग्राफिक्सच्या कामासाठीचा चांगला मॉनिटर असतो. व्हीजीएतून पाच बीएनसी काढणारी केबल मिळते, तीत लाल, हिरवा, निळा आणि चित्र जागेवर धरणारे दोन सिंक सिग्नल अशी जोडणी होते.

माझ्या नव्या डेस्कटॉपला व्हीजीए पोर्ट आहे की नाही?

कॅबिनेटच्या मागे वाकून बघा. निळं, पंधरा भोकांचं पोर्ट दिसलं तर अर्धं काम झालं. एच६१० किंवा ए५२० सारख्या स्वस्त मदरबोर्डांवर ते अजूनही बऱ्याचदा दिलेलं असतं, कारण आपल्याकडे ऑफिसांत जुने मॉनिटर टिकून आहेत. पण एक अट आहे. हे पोर्ट प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालतं. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल, तर त्यात ग्राफिक्स नाही आणि पोर्ट असूनही मुकं आहे. एएमडीच्या रायझेन ५००० मालिकेत नावात जी नसेल तर तीच गत. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लावल्यावर बोर्डावरची पोर्टं आपोआप बंद होण्याचीही शक्यता असते. तसं झालं तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन अंतर्गत ग्राफिक्स चालू करावं लागतं.

ग्राफिक्स कार्डांचं म्हणाल तर एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९०० मालिकेपर्यंत डीव्हीआय-आय पोर्टमधून ॲनालॉग सिग्नल थेट निघत असे. २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेपासून तो बंद झाला. डीव्हीआय पोर्ट दिसलं तर त्यातली आडवी पट्टी नीट बघा. पट्टीच्या आजूबाजूला चार छोटी भोकं असली तर तो डीव्हीआय-आय, आणि साधा अडॅप्टर पुरतो. नुसती पट्टी असेल तर डीव्हीआय-डी. त्यातून ॲनालॉग निघत नाही, कितीही अडॅप्टर बदला.

जुनं जीटी ७१० किंवा जीटी ७३० कार्ड व्हीजीए पोर्टसकट मिळत असेल तर तोही चांगला मार्ग आहे. अडॅप्टर मधे न आल्याने पुढचे अर्धे प्रश्न पडतच नाहीत. मात्र नव्या विंडोजवर अशा कार्डाचा ड्रायव्हर आधी तपासून घ्या.

दुकानात जाऊन नेमकं काय मागायचं?

एम. जी. रोडवर काय किंवा कॉलेज रोडवर काय, काउंटरवर "व्हीजीए-एचडीएमआय द्या" एवढंच म्हणालात तर उलट्या दिशेचा कन्व्हर्टर हातात पडण्याची शक्यता बरीच. व्हीजीए टू एचडीएमआय आणि एचडीएमआय टू व्हीजीए ही दोन वेगळी उपकरणं आहेत आणि एक दुसऱ्याचं काम करत नाही. आपल्याला एचडीएमआय टू व्हीजीए हवा, म्हणजे संगणकाकडून एचडीएमआय आणि मॉनिटरकडे व्हीजीए. "आत चिप असलेला, ॲक्टिव्ह" असं स्पष्ट सांगा. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला व्हीजीए अशी नुसती तार घेऊ नका. मधे चिप नसेल तर डिजिटलचं ॲनालॉग होणार कुठे?

संगणकाला डिस्प्लेपोर्ट असेल तर डिस्प्लेपोर्ट टू व्हीजीए घ्या, मी नेहमी तोच सुचवतो. डिस्प्लेपोर्टमधून अडॅप्टरला पुरेशी वीज मिळते. एचडीएमआयच्या पाच व्होल्टच्या पिनेवर किमान ५५ मिलिअँपिअरचीच हमी असते, म्हणून काही अडॅप्टर मधेच झोपतात, पडदा दोन सेकंद काळा होतो आणि परत येतो. एचडीएमआयचाच घ्यायचा असेल तर बाजूला यूएसबीने वीज देण्याची सोय असलेला बघा.

ताकदीची काळजी करू नका. १९२० × १०८० ला १४८.५ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवण्याचा वेग) लागतो आणि साधे अडॅप्टर तेवढा देतातच. १०२४ × ७६८ ला ८५ हर्ट्झवर फक्त ९४.५ लागतो.

सगळं जोडलं, पण पडद्यावर "आउट ऑफ रेंज" येतं किंवा काहीच दिसत नाही. मॉनिटर बिघडला का?

बहुतेक वेळा नाही. "आउट ऑफ रेंज" असं लिहून आलं तर उलट आनंद माना. नळी चालू आहे, केबल ठीक आहे, सिग्नल पोचतोय. तो फक्त आवाक्याबाहेरचा आहे.

कारण असं. मॉनिटर आपली क्षमता ईडीआयडी नावाच्या छोट्याशा माहितीतून संगणकाला सांगतो. व्हीजीए केबलच्या बाराव्या आणि पंधराव्या पिनेवरून ती जाते. १९९४ च्या आधीच्या मॉनिटरमध्ये ही सोयच नव्हती. नव्या मॉनिटरमध्ये असली तरी मधला स्वस्त अडॅप्टर ती पुढे पाठवतोच असं नाही. तो स्वतःचीच ठरावीक माहिती देतो, तीत १९२० × १०८० लिहिलेलं असतं, आणि विंडोज त्यावर विश्वास ठेवून तेच पाठवतं.

सगळ्यात सोपा उपाय घरातला टीव्ही. संगणकाच्या एका पोर्टला टीव्ही लावा, दुसऱ्याला अडॅप्टर आणि सीआरटी. विंडोजचं बटण आणि पी दाबून एक्स्टेंड निवडा. आता टीव्हीवर बघत बघत सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले इथे जा, सीआरटीचा चौकोन निवडा आणि रेझोल्युशन १०२४ × ७६८ किंवा ८०० × ६०० करा. चित्र उमटेल.

एकच पोर्ट असेल तर टीव्हीवर सेटिंग बदलून मग सीआरटी लावण्याचा उपयोग होत नाही, कारण विंडोज प्रत्येक पडद्याची सेटिंग वेगळी लक्षात ठेवतं. अशा वेळी टीव्ही लावून, शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जाऊन रीस्टार्ट केलं की एक यादी येते. तिच्यात तीन क्रमांकाला कमी रेझोल्युशनचा पर्याय असतो. यादी दिसली की तीन दाबा, लगेच केबल सीआरटीकडे वळवा आणि चित्र आल्यावर सेटिंग पक्की करा.

बायोसचा पडदा सीआरटीवर दिसत नसेल तर त्याच्या मागे लागू नका. बायोसचं काम टीव्हीवर उरकून घ्या.

मग कोणतं रेझोल्युशन आणि किती हर्ट्झ ठेवायचे?

इथेच थोडं गणित करा, मॉनिटर सुखात राहील.

मागच्या पट्टीवर मॉडेल नंबर, व्होल्टेज आणि बनवल्याचं साल असतं. फ्रिक्वेन्सी बहुधा नसते. मॉडेल नंबर इंटरनेटवर शोधून मॅन्युअल काढा आणि आडव्या फ्रिक्वेन्सीची मर्यादा बघा. पंधरा इंची मॉनिटरला ती ३० ते ५४ किलोहर्ट्झ आणि सतरा इंचीला ३० ते ७० अशा आसपास असते.

आता हिशेब. आडव्या ओळींच्या संख्येत पाच टक्के मिळवा आणि रिफ्रेश रेटने, म्हणजे सेकंदाला चित्र जितक्या वेळा नव्याने उमटतं त्या हर्ट्झच्या आकड्याने, गुणा. १०२४ × ७६८ मध्ये ओळी ७६८, पाच टक्के धरून साधारण ८०६. त्याला ६० ने गुणलं की ४८.४ किलोहर्ट्झ. ५४ च्या आत, म्हणजे पंधरा इंचीवर चालेल. हेच ७० हर्ट्झवर नेलं तर ५६.४ होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. पण ८०० × ६०० ला ८५ हर्ट्झ ठेवले तर ५३.६, म्हणजे जेमतेम बसतात. सतरा इंचीवर १०२४ × ७६८ ला ८५ हर्ट्झचे ६८.५ होतात आणि ७० च्या मर्यादेत राहतात.

माझं स्पष्ट मत: रेझोल्युशन थोडं कमी ठेवा, पण हर्ट्झ वाढवा. साठ हर्ट्झवर सीआरटी लुकलुकतो, त्यातून वर पांढरी ट्यूबलाइट असली की तासाभरात डोकं धरतं. ७५ वर बरं वाटतं, ८५ वर डोळे शांत राहतात.

१२८० × १०२४ मात्र टाळा. ते पाचास चार प्रमाणाचं आहे आणि नळी चारास तीनची, त्यामुळे गोल वर्तुळ किंचित चपटं होतं. तेवढंच मोठं हवं असेल तर १२८० × ९६० घ्या.

यादीत हवा तो रेट दिसत नसेल तर ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमधून डिस्प्ले अडॅप्टर प्रॉपर्टीज उघडून "लिस्ट ऑल मोड्स" बघा. तिथेही नसेल तर कस्टम रेझोल्युशन युटिलिटी नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात स्वतःचे आकडे भरता येतात. लिनक्सवर एक्स-ऑर्ग सत्रात एक्सरँडर ही कमांड वापरा.

चित्र आलं, पण अक्षरं धूसर आहेत.

ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये दोन ओळी दिसतात, डेस्कटॉप मोड आणि ॲक्टिव्ह सिग्नल मोड. त्या दोन्ही सारख्या असायला हव्यात. डेस्कटॉप ८०० × ६०० आणि सिग्नल १९२० × १०८० असं दिसलं, तर ग्राफिक्स कार्ड चित्र ताणून पाठवतंय. कार्डाच्या कंट्रोल पॅनलमध्ये स्केलिंग बंद करा. त्याने गेलं नाही तर केबल बदलून बघा. बारीक, स्वस्त व्हीजीए केबलमधून अक्षरांना सावली पडते. दोन्ही टोकांना फेराइटचा गोळा असलेली जाड केबल घ्या आणि विनाकारण लांब घेऊ नका.

मॉनिटरची वीज केबल भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसतच नाही!

जुन्या संगणकांत मॉनिटरला वीज कॅबिनेटच्या मागून, एसएमपीएसवरच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावरच्या) दुसऱ्या सॉकेटमधून मिळायची. त्यासाठीच्या केबलला एका टोकाला तीन चपट्या पिना आणि दुसऱ्या टोकाला तीन भोकं असतात. नव्या एसएमपीएसवर ते सॉकेट नाही. नव्या संगणकाला लागते तीच नेहमीची तीन पिनांची पॉवर कॉर्ड घ्या, मॉनिटरच्या बाजूचं टोक तेच आहे. केबलच मॉनिटरमध्ये पक्की बसवलेली असेल तर ती कापून दुसरा प्लग लावू नका; यूपीएसच्या मागे तसंच सॉकेट असेल तर त्यात ती सरळ बसते.

अर्थिंग असलेलं सॉकेटच वापरा. जुन्या वाड्यांतून दोन पिनांची वायरिंग अजून दिसते. तिथे कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि पडद्यावर आडवा पट्टा हळूहळू वर सरकत राहतो.

मॉनिटर कित्येक वर्षं माळ्यावर होता. लगेच चालू करू का?

नाही. विशेषतः पावसाळ्यात अजिबात नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत दमटपणा असतो, आणि आत साठलेली धूळ ओल धरते. नळीला हजारो व्होल्ट लागतात, रंगीत सतरा इंचीला साधारण पंचवीस हजार. ओल्या धुळीतून तो दाब गळतो, चटचट आवाज येतो, ओझोनचा उग्र वास सुटतो. मॉनिटर कोरड्या, हवेशीर खोलीत काही दिवस ठेवा. जाळीवरची धूळ बाहेरूनच मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा. मग संगणक न जोडता नुसता चालू करा आणि पहिला अर्धा तास समोरून उठू नका. सुरुवातीला चित्र फिकट असेल तर अर्धा तास तापू द्या, पुष्कळदा सुधारतं. सतत शिट्टीसारखा आवाज, धूर किंवा जळका वास आला तर बटण शोधत बसू नका, सरळ भिंतीवरचा स्विच बंद करा.

चित्र थरथरतं, आणि कोपऱ्यात जांभळा डाग आहे.

डाग चुंबकत्वाचा असतो. स्पीकर लांब करा आणि मेन्यूतलं डिगॉस, म्हणजे चुंबकत्व काढण्याचा पर्याय, वापरा. "धम्म" असा आवाज येऊन चित्र क्षणभर हलतं, ते स्वाभाविक आहे. लगेच पुन्हा दाबू नका, आतला भाग थंड व्हायला वेळ लागतो.

थरथरीचं कारण आपल्या घरांत हमखास टेबलाखाली सापडतं, ते म्हणजे इन्व्हर्टर किंवा स्टॅबिलायझर. त्यांच्या ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र आणि पडद्याचे ६० हर्ट्झ यांच्यातला फरक दहाचा, म्हणून चित्र सेकंदाला दहा वेळा डोलतं. यंत्र दोन हात लांब सरकवा, थरथर थांबते.

मी स्वतः उघडून दुरुस्त करू का?

कृपया करू नका. प्लग काढल्यावरही नळी स्वतःत भार धरून ठेवते, आणि तो धक्का जिवावर बेतू शकतो. नळीची मान काचेची आणि नाजूक असते, ती तुटली तर नळी निकामी होते. जुन्या टीव्हीचं काम येणारे कारागीर शहरात अजून आहेत. त्यांना भार उतरवता येतो, आणि रंग, फोकस हे आतले स्क्रू कुठे आहेत तेही माहीत असतं. त्यांच्याकडेच न्या, आणि जमलं तर त्यांचं काम जवळ बसून बघा. हे ज्ञान फार थोड्या हातांत उरलंय.

माझा मॉनिटर जुना आहे, पण सपाट एलसीडी आहे.

मग काम सोपं आहे. पंधरा इंची असेल तर १०२४ × ७६८, सतरा इंची चौकोनी असेल तर १२८० × १०२४, दोन्ही ६० हर्ट्झवर ठेवा. त्यानंतर मॉनिटरवरचं "ऑटो" बटण दाबा, म्हणजे अक्षरांची थरथर जाते. चित्र दोन सेकंद दिसून अंधार होत असेल तर आतला बॅकलाइट किंवा त्याचा इन्व्हर्टर गेलाय.

आवाज येत नाही, आणि काही सिनेमांच्या ॲपमध्ये पडदा काळा राहतो.

व्हीजीएतून आवाज जात नाही. अडॅप्टर लावल्यावर विंडोज आवाजही तिकडे वळवतं, तेव्हा साउंड सेटिंगमध्ये पुन्हा स्पीकर निवडा. काळ्या पडद्याचं कारण एचडीसीपी हे कॉपीविरोधी संरक्षण. ॲनालॉग बाजूला ते नसतं, म्हणून काही सेवा चित्र अडवतात किंवा दर्जा उतरवतात.

वीजबिल वाढेल का?

सतरा इंची सीआरटी शंभर वॅटच्या आसपास घेतो. रोज आठ तास चालवला तर ०.८ युनिट, महिन्याला चोवीस. दहा मिनिटांनी पडदा बंद होईल अशी सेटिंग ठेवा. बिलही आटोक्यात राहतं आणि एकच चित्र नळीवर कायमचं उमटण्याचा धोकाही टळतो.

आमच्या सातपूरच्या वर्कशॉपमध्ये उलटा प्रश्न आहे: मशीन जुनं, मॉनिटर नवा लावायचाय.

जुन्या सीएनसी मशीनचा सिग्नल पुष्कळदा १५ किंवा २४ किलोहर्ट्झचा असतो आणि नवा एलसीडी तो उचलत नाही. जीबीएस-८२०० सारखा कन्व्हर्टर बोर्ड मधे लावावा लागतो. आधी मशीनच्या मॅन्युअलमधून सिंकचा प्रकार आणि पिनांचा क्रम काढा. सातपूर-अंबडच्या शेडमध्ये ही गरज रोजची आहे, त्यामुळे शेजारच्या युनिटमध्ये विचारलं तरी माहिती मिळते.

सिडकोहून पंचवटीला न्यायचाय, रिक्षात नेता येईल?

येईल. सगळं वजन काचेच्या बाजूला असतं, म्हणून उचलताना काच छातीशी धरा. रिक्षात सीटवर, काच पाठीच्या गादीला टेकवून ठेवा आणि मागच्या निमुळत्या भागावर काही ठेवू नका. दुचाकीवर नेऊ नका.

शेवटी चाललाच नाही, तर टाकायचा कुठे?

आधी चालणाऱ्या दुसऱ्या मॉनिटरसाठी सुटे भाग म्हणून कोणाला हवा आहे का, ते कारागिरांना विचारा. नाहीतर नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. ई-कचऱ्याचे सध्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. भंगार बाजारात दिला तर तांब्यासाठी नळी फोडली जाण्याची भीती असते, आणि तिच्या काचेत भरपूर शिसं असतं. ते मातीत आणि फोडणाऱ्या माणसाच्या अंगात जातं. केंद्रावर देतानाही मॉनिटर अखंड, कव्हरसकट द्या, आणि पोचपावती मागून घ्या.